नऊ नंबरची खुर्ची

ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत बसण्याचं, समन्स आलं तेव्हा न्यू जर्सीतल्या बहुतेक देशी घरांत जे होतं तेच आमच्याकडेही झालं. "आता हे टाळायचं कसं?" नवऱ्यानं मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आणि दहा मिनिटांत डझनभर युक्त्या हजर. इंग्रजी येत नाही म्हणून सांग (वीस वर्षं इन्शुरन्स कंपनीत नोकरी करून!). पाठदुखीचं सर्टिफिकेट आण. भारतात जायचं तिकीट दाखव. साठीतल्या एका काकांनी लिहिलं, "पोलिसांवर विश्वास नाही असं म्हणायचं. दुपारच्या आत घरी." तेव्हा आम्ही हसलो. काकांची युक्ती किती अचूक आहे ते पुढे कळलं, फक्त ती मला नाही, दुसऱ्या कुणाला लागू पडली.

मी २०१९ मध्ये इथली नागरिक झाले. मतदान केलं होतं, पण ज्युरीत बसायची वेळ आली नव्हती. मतदार यादी, ड्रायव्हिंग लायसन्स आणि राज्याचा इन्कम टॅक्स भरणारे लोक यांच्या याद्या एकत्र करून त्यातून नावं निघतात. ऑनलाइन फॉर्म भरायचा. नागरिक आहात का, अठरा पूर्ण आहेत का, याच कौंटीत राहता का, इंग्रजी वाचता येतं का, गंभीर गुन्ह्यात कधी दोषी ठरला आहात का. मी भराभर टिक करत गेले. शेवटचा प्रश्न तर वाचलाही नाही नीट. आपल्याला कशाला लागू होणार?

१६ ऑक्टोबर २०२३, सोमवार. नवरात्राचा दुसरा दिवस. उपवास होता म्हणून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेतला होता. कोर्टाच्या दारात पोलिसानं तो उघडायला लावला, आत वाकून पाहिलं आणि "हे काय आहे?" असं विचारलं. टॅपिओका म्हटल्यावर "पुडिंगमध्ये घालतात तो?" म्हणाला आणि जाऊ दिलं. मोठ्या हॉलमध्ये दीडेकशे माणसं. आधी एक व्हिडिओ दाखवला. आपल्या नकळत मनात बसलेले पूर्वग्रह कसे असतात, ते निकालावर कसे परिणाम करतात वगैरे. माझ्या शेजारचा तरुण फोनवर पत्ते खेळत होता. मी पाहिला, पण ऑफिसातलं वार्षिक ट्रेनिंग पाहतात तसा.

अकराच्या सुमाराला आमच्यातल्या साठेक जणांना वर कोर्टरूममध्ये नेलं. खटला लुटीचा. पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानात रात्री एक जण शिरला, गल्ल्यावरच्या माणसाला धमकावून पैसे घेऊन गेला. गल्ल्यावरचा माणूस गुजराती, इथे येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. आरोपी कृष्णवर्णीय, पंचविशीतला. हा मुलगा वकिलाशेजारी निळा शर्ट घालून बसला होता. शर्टाच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या, म्हणजे नवा पाकिटातून काढलेला असणार. ती घडीची रेघ मला सहा दिवस दिसत राहिली, शर्ट बदलला तरी.

ज्युरीच्या चौकटीत चौदा खुर्च्या. बारा जण निकाल देणारे, दोन राखीव. पण राखीव कोण ते शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरतं, तोवर चौदाही जणांनी सारखंच लक्ष द्यायचं. नंबर पुकारतील तसं जाऊन बसायचं, न्यायाधीशांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मग वकील एकेकाला वगळतात. पद्धत फार सभ्य आहे. "चार नंबरच्या खुर्चीतल्या ज्युररचे आभार मानून त्यांना मोकळं करावं, युअर ऑनर." कारण सांगायचं नाही. लुटीसारख्या गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला असे २० जण वगळता येतात, सरकारी वकिलाला १२. यापेक्षा वेगळं म्हणजे न्यायाधीशांनीच 'हा माणूस निःपक्षपाती राहू शकणार नाही' म्हणून घरी पाठवणं. त्याला मर्यादा नाही.

मला नऊ नंबरची खुर्ची मिळाली.

प्रश्नांचा छापील कागद हातात असतो. काम काय, घरी कोण कोण, टीव्हीवर काय बघता, गाडीच्या मागे स्टिकर कोणतं? मी म्हटलं, केक भाजण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम बघते. खरं तर रोज रात्री मराठी मालिका बघते, पण तिचं स्पेलिंग कोण सांगत बसणार. स्टिकर लेकीच्या शाळेच्या बँडचं. मग पुढचे प्रश्न. पोलीस आहे म्हणून त्याच्या साक्षीला जास्त किंवा कमी वजन द्याल का? नो. तुम्ही किंवा जवळचं कुणी गुन्ह्याला बळी पडलं आहे का? इथे मी सांगितलं की आमच्या मैत्रिणीचं घर फोडून सोनं नेलं होतं. आपल्या घरांत सोनं असतं हे चोरांनाही माहीत झालं आहे. त्याचा परिणाम होईल का? नो. तक्रारदार दक्षिण आशियाई आहे आणि आरोपी कृष्णवर्णीय, यामुळे निःपक्षपाती राहणं अवघड जाईल का?

नो.

हे 'नो' म्हणायला मला एक सेकंदही लागला नाही. शपथेवर म्हटलं होतं. न्यायाधीशांनी मान डोलावली, दोन्ही वकिलांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि माईक पुढे गेला.

सोलापूरला आमच्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर 'सेटलमेंट' होती. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना डांबायला तारेच्या कुंपणातल्या वसाहती केल्या, त्यातली ती. १९५२ साली कायदा गेला, वस्तीचं नाव राहिलं. आमच्या लहानपणी कुंपण नव्हतं, पण आजीचं होतं. "तिकडनं येऊ नकोस गं अंधारात." गल्लीत चोरी झाली की हवालदार आधी कुठे जायचे हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. त्या वस्तीतल्या कुणी आम्हाला कधी काही केलं होतं का? काहीही नाही. आणि न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच महिन्यात, कुणी न शिकवता, ठरावीक गावातल्या ठरावीक सिग्नलला माझा हात गाडीच्या लॉकच्या बटणाकडे जाऊ लागला. मी त्या 'नो'च्या वेळी हे लपवलं असं नाही. मला ते आठवलंच नाही, आणि याचाच मला नंतर जास्त त्रास झाला.

माझ्यानंतर अकरा नंबरच्या खुर्चीत एक गृहस्थ होते. पोस्टातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, कृष्णवर्णीय, टाय लावून आलेले. दोन दिवसांत टाय लावलेला ज्युरर मी तो एकच पाहिला. पोलिसांच्या साक्षीच्या प्रश्नावर ते म्हणाले, "हे बाजूला सांगू शकतो का?" तशी सोय असते. न्यायाधीश एक बटण दाबतात आणि छतातल्या स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज सुरू होतो, म्हणजे बोलणं बाकीच्यांना ऐकू जात नाही. ते, दोन्ही वकील आणि न्यायाधीश टेबलाच्या कडेला जमले. पाऊस बराच वेळ पडला. एकदा त्यांनी हात वर करून दोन बोटांनी काहीतरी दाखवलं, दोनदा किंवा दोघं, मला कसं कळणार. पाऊस थांबला. न्यायाधीश म्हणाल्या, "आपण प्रामाणिकपणे सांगितलंत, आभारी आहे. आपण मोकळे आहात."

ते ज्युरीच्या चौकटीतून उतरले, कोट घेतला आणि गेले. त्यांनी काय सांगितलं ते मला कधीच कळणार नाही. पण तर्क करायला फार हुशारी लागत नाही. हे राज्य टर्नपाइकचं, म्हणजे इथल्या मोठ्या टोल-हायवेचं आहे. एप्रिल १९९८ मध्ये इथल्या राज्य पोलिसांतल्या दोन ट्रूपर्सनी बास्केटबॉल खेळायला नॉर्थ कॅरोलिनाला निघालेल्या चार पोरांच्या व्हॅनवर गोळ्या झाडल्या, तिघं जखमी झाले. पुढच्या वर्षी राज्य सरकारला कबूल करावं लागलं की हो, रंग बघून गाड्या थांबवल्या जातात. सत्तरीच्या माणसानं आयुष्यभर या राज्यात टपाल वाटलं असेल, गाडी चालवली असेल, तर पोलिसांच्या शब्दाबद्दल त्याचं काही मत बनणारच. ते मत अनुभवातून आलेलं, म्हणून तो पक्षपाती. मला अनुभव नाही, म्हणून मी कोरी पाटी!

मंगळवारी सरकारी वकिलानं आणखी एका कृष्णवर्णीय बाईंचे 'आभार मानले'. त्या नर्स, चार नंबरच्या खुर्चीत. बचावाचा वकील ताडकन उठला. पुन्हा पाऊस, या वेळी दहा मिनिटं. मग न्यायाधीश म्हणाल्या, "चार नंबर, आपण बसून राहा." काय झालं ते आम्हाला सांगितलं नाही. त्या बाई शून्य चेहऱ्यानं समोर बघत होत्या. चौदा ठरले तेव्हा आमच्यात कृष्णवर्णीय त्या एकट्या, एक चिनी तरुण, दोन लॅटिनो, मी, आणि बाकी गोरे.

मला बचावाच्या वकिलानं का ठेवलं याचं उत्तर मला आजही नाही. वीस जण वगळायची मुभा होती, आणि गुजराती तक्रारदाराच्या खटल्यात देशी बाई बसवून ठेवायची? नवऱ्याला गमतीनंही काही सांगायची सोय नव्हती, कारण खटल्याबद्दल घरी बोलायचं नाही, गूगल करायचं नाही, बातम्या वाचायच्या नाहीत.

बचावाच्या वकिलानं आणखी एक प्रश्न विचारायला लावला होता. साक्ष गुजरातीत होईल, दुभाषा असेल. कुणाला गुजराती कळतं का? मी हात वर केला. आमचे शेजारी पंधरा वर्षं मेहसाण्याकडचे आहेत. बोलता अडखळत येतं, पण समजतं सगळं. मग न्यायाधीशांनी नियम सांगितला: पुरावा म्हणजे दुभाष्याचं इंग्रजी, साक्षीदाराची मूळ भाषा नव्हे. तुम्हाला वेगळं ऐकू आलं तरी इंग्रजीच धरायचं. जमेल? "येस," मी म्हणाले. हेही शपथेवर.

बुधवारी तक्रारदार साक्षीला आला. चाळिशीचा असेल. खिशाला पेन, केसांना तेल, आणि साक्षीच्या चौकटीत चढताना त्यानं पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. माझ्या पोटात कालवलं. माझा मामा दुकान उघडताना असंच करायचा. त्या रात्रीचं सांगताना तो रडला. त्या क्षणी माझ्या मनानं निकाल देऊन टाकला होता, हे मला इथे लिहायलाच हवं. पुरावा अजून अर्धाही यायचा होता.

मग ओळखीचा भाग आला. पोलिसांनी त्याला फोटो दाखवले होते, त्यातल्या एकावर त्यानं बोट ठेवलं होतं. सरकारी वकिलानं विचारलं, त्या फोटोबद्दल तुम्ही काय म्हणालात? तो म्हणाला, "एवोज हतो."

दुभाषा म्हणाला, "तोच होता."

गुजरातीत 'एज हतो' म्हणजे तोच होता. 'एवोज हतो' म्हणजे तसाच होता, तसाच दिसणारा. मधला एक 'वो'. मी बाकीच्या तेरा चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे इंग्रजी वाक्य लिहून घेत होते. बचावाचा वकीलही लिहीत होता. खोलीत गुजराती कळणारे आम्ही तिघंच, साक्षीदार, दुभाषा आणि मी, आणि मी कळणार नाही असं कबूल करून बसलेली. कदाचित त्यालाही 'तोच' म्हणायचं असेल. बोलताना आपण शब्द तोलत नाही. पण मी ते ऐकलं होतं.

न्यायाधीशांना चिठ्ठी लिहून सांगता आलं असतं का? आता वाटतं, आलं असतं. तेव्हा मी इतकी घाबरले की मधल्या सुट्टीत खिचडीही गेली नाही. चार नंबरच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" खटल्याबद्दल बोलायचं नव्हतं, म्हणून आम्ही साबुदाण्याबद्दल बोललो. त्यांनी दोन चमचे चाखून पाहिला. आवडला असं म्हणाल्या, पण तिसरा घेतला नाही.

सोमवारी, खंडेनवमीला, न्यायाधीशांनी कायदा समजावून सांगितला. छापील सूचना असतात, तासभर वाचतात, बहुतेक डोळे पेंगतात. त्यात एक परिच्छेद होता: एका वंशाच्या माणसाला दुसऱ्या वंशाचा चेहरा अचूक ओळखणं जास्त अवघड जाऊ शकतं असं संशोधन सांगतं, त्याचा विचार करा. मी ताठ बसले. ऑफिसात अकरा वर्षं आम्ही दोघी भारतीय, ती तेलुगू, माझ्याहून वीतभर उंच, चष्मेवाली. अजून दर महिन्याला कुणीतरी मला तिच्या नावानं हाक मारतं आणि आम्ही दोघी त्यावर चहाच्या वेळी हसतो. पण इथे नवी असताना खालच्या मजल्यावरच्या दोन सिक्युरिटी गार्डना मी सहा महिने एकच माणूस समजत होते, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

या परिच्छेदामागची हकिगत नंतर वाचली. इथल्या रटगर्स विद्यापीठातल्या एका गोऱ्या विद्यार्थिनीवर १९९२ मध्ये बलात्कार झाला. सुमारे आठ महिन्यांनी तिला रस्त्यात एक कृष्णवर्णीय माणूस दिसला आणि तिनं ओळखला. मॅकिन्ली क्रोमेडी त्याचं नाव. त्याला शिक्षा झाली. १९९९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली, ज्युरीला अशी सूचना द्यायला हवी होती म्हणून, आणि त्याच वर्षाअखेर डीएनएनं तो निर्दोष ठरला. माझी लेक त्याच रटगर्सला जाणार आहे.

आणखी बरंच वाचलं. कारण न देता वगळण्याचा अधिकार वंश बघून वापरता येणार नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं बॅट्सन खटल्यात १९८६ मध्येच सांगितलं होतं. त्यावर उपाय सोपा: वकिलानं दुसरं काहीतरी कारण सांगायचं. नजरेला नजर देत नव्हता, पेंगत होती, त्या वस्तीत राहतो. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच हत्याकांडासाठी सहा वेळा खटला चालला आणि त्या सहांत मिळून सरकारी पक्षानं ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय ज्युरर वगळले होते. आणि हे सगळं दक्षिणेतलं म्हणून सोडून द्यायची सोय नाही. आमच्याच राज्यातल्या अँडुहार खटल्यात न्यूअर्कच्या एका कृष्णवर्णीय ज्युररला न्यायाधीश वगळेनात, तेव्हा सरकारी वकिलानं गुपचूप त्याची पोलीस रेकॉर्डमध्ये झडती घेतली, एक जुनं वॉरंट शोधलं आणि ज्युरीत बसायला आलेला माणूस अटकेत गेला. २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं त्यामुळे आरोपीची शिक्षाच रद्द केली, आणि पुढच्या वर्षी नियम बदलला. आता वगळण्यामागे नकळत असलेला पूर्वग्रह दिसला तरी आक्षेप टिकतो. चार नंबरच्या बाई बसून राहिल्या त्या बहुधा याच नियमानं.

त्या सुरुवातीच्या फॉर्मवरचा, मी न वाचता टिक केलेला प्रश्नही तेव्हा उमगला. सेंटेन्सिंग प्रोजेक्ट या संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार न्यू जर्सीत कृष्णवर्णीयांचं तुरुंगात असण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या १२ पटींहून जास्त आहे. मग 'दोषी ठरला आहात का' या एका प्रश्नानं ज्युरीच्या यादीतून कुणाची नावं जास्त गळत असतील?

नवरा म्हणतो, गुन्हा जिथे होतो तिथे पोलीस जाणारच, गरिबीचा प्रश्न तुम्ही रंगाचा करता, आणि लुटला गेला तो आपला माणूस होता त्याचं काय. शेवटच्या वाक्याशी मी भांडत नाही. पहिल्या दोन्हींवर आमचं अजून चालू आहे. मी त्याला अलाबामातले आजोबा आठवून दिले. २०१५ मध्ये गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले, सकाळी फिरायला निघालेले. शेजाऱ्यानं पोलिसांना फोन करून सांगितलं, एक हडकुळा काळा माणूस फिरतोय. पोलिसानं त्यांना जमिनीवर असं आपटलं की मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं. तेव्हा आमचे सगळे ग्रुप पेटले होते. पण सूर असा की, अरे, ते काळे नव्हते!

चिठ्ठ्या निघाल्या. राखीव म्हणून पहिलाच नंबर नऊ. बाराजण दार लावून आत गेले. मी आणि एक निवृत्त गोरे प्लंबर आजोबा दुसऱ्या खोलीत. ते सुडोकू सोडवत होते, पेननं. निकाल लागेपर्यंत जायचं नाही आणि बोलायचं नाही. माझा 'वो' माझ्यापाशीच राहिला. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

दसऱ्याला दुपारी निकाल आला. नॉट गिल्टी. निळ्या शर्टातल्या मुलानं टेबलावर डोकं टेकवलं. त्याची आई असावी, मागे एक बाई तोंडावर पर्स धरून रडत होती. तक्रारदार आलेला नव्हता. रात्रपाळी करून झोपला असेल.

महिन्याभरानं चेक आला, पहिले तीन दिवस ५ डॉलरनं, पुढचे तीन ४० नं, एकूण १३५.

पण त्याआधी, दसऱ्यालाच, पार्किंगकडे नेणाऱ्या शटल बसमध्ये चार नंबरच्या बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. आता बोलायला हरकत नव्हती. म्हणाल्या, "आत कुणीतरी तुझी आठवण काढली होती."

"काय म्हणून?"

त्या जरा थांबल्या. "म्हणाले, ती राखीव झाली ते बरं झालं. तिनं तिच्या माणसाची बाजू घेतली असती."

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काहीच नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत तू काय केलं असतंस."

बस थांबली. त्यांची गाडी पलीकडच्या रांगेत होती.